ट्रॅक्टर-जेसीबी चालकांचे प्रशिक्षण आणि परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो

जेथे मोठी जंगले आहेत तेथे तोडलेले ओंडके ओढून आणण्यासाठी स्किडर नावाचे खास यंत्र वापरतात. सोलापूर जिल्ह्यात बाभूळ, लिंब किंवा निलगिरीचे खोड बांधावरून वखारीपर्यंत नेण्याचे काम ट्रॅक्टरला साखळी बांधून किंवा जेसीबीने उचलून केले जाते आणि हेच चालक गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढतात. यंत्र चालवता येते, पण हाती योग्य कागद नाही, अशी स्थिती असलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतील बहुतेकांचे अर्ज कौशल्याअभावी नव्हे, तर गैरसमजापोटी परत येतात.

पहिला गैरसमज प्रमाणपत्राचा. कौशल्य प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि वाहन चालवण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक्टर चालकाचा अभ्यासक्रम भारतीय कृषी कौशल्य परिषदेच्या चौकटीत येतो आणि बॅकहो लोडर, म्हणजे आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो, त्याचा अभ्यासक्रम पायाभूत यंत्रसामग्रीसाठीच्या कौशल्य परिषदेच्या चौकटीत. आधीच काम येणाऱ्यांसाठी पूर्वानुभवाची पडताळणी करून प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. सध्या कोणती तुकडी सुरू आहे याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात करावी. हे प्रमाणपत्र कंत्राटदाराला दाखवण्यास उपयोगी आहे. रस्त्यावर पोलिसाने अडवल्यास त्याचा काही उपयोग नाही. ‘सर्टिफिकेट म्हणजेच लायसन’ असे सांगून पैसे घेणारे दलाल आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे.

तरीही प्रशिक्षण टाळू नये. ओंडका ओढताना साखळी मागच्या आसाच्या वर, वरच्या लिंकच्या कंसाला बांधली की ताण येताच पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकासह मागे उलटतो. साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्यालाच, बांधायची असते. दोन चाकी ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला वळवू त्याच्या उलट बाजूला ट्रॉली वळते, हे कळते पण हातात बसायला वेळ लागतो. ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणालाही उभे राहू द्यायचे नाही, हेही शिकवावेच लागते, कारण मदतनीस नेमका तेथेच उभा राहतो.

आता परवान्याविषयी. मोटार वाहन कायद्यानुसार वयाची किमान अट 18 वर्षे आहे, आणि परिवहन वाहनासाठी, म्हणजे भाड्याने माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या वाहनासाठी, 20. शेतीसाठीचा ट्रॅक्टर नियमांनुसार परिवहनेतर वाहन आहे. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत 7,500 किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर समाविष्ट असल्याने, ज्याच्याकडे चारचाकीचा परवाना आहे त्याला ट्रॅक्टरसाठी वेगळी धावपळ करण्याची गरज सहसा पडत नाही. ट्रॉली जोडल्याने ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच स्पष्ट केले आहे. जेसीबीचे मात्र तसे नाही. ते बांधकाम यंत्र या वेगळ्या वर्गात येते, म्हणून ‘गाडीचं लायसन आहे ना, मग झालं’ यावर न राहता परवान्यात त्या वर्गाची स्वतंत्र नोंद करून घ्यावी. अपघातानंतर विमा कंपनी सर्वांत आधी हाच रकाना पाहते. विनापरवाना वाहन चालवल्यास 5,000 रुपये दंड आहे, आणि चालवायला देणाऱ्या मालकावरही कारवाई होते. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट 2019 मध्ये रद्द झाली. ‘दाखला नाही म्हणून परवाना नाही’ असे कोणी सांगितल्यास ते ऐकू नये.

अर्ज परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावर भरावा. महा ई-सेवा केंद्रातूनही भरता येतो. आधार पडताळणीने शिकाऊ परवाना घरबसल्या मिळतो, पण अर्ज अडतो तोही येथेच. ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावरच जातो आणि तो क्रमांक कधीच बंद झालेला असतो. अनेकांच्या आधारवर जन्मतारीख म्हणून फक्त 1 जानेवारी आहे, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वेगळीच तारीख. आधी आधार दुरुस्त करून घ्यावे, मगच अर्ज भरावा. परिवहन वाहनाच्या अर्जदाराला आणि वयाची चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला नोंदणीकृत डॉक्टरचे नमुना 1-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते.

सर्वाधिक नुकसान मुदतीच्या चुकीच्या समजुतीने होते. शिकाऊ परवाना सहा महिने टिकतो, आणि पक्क्या परवान्याची चाचणी तो मिळाल्यापासून 30 दिवसांनंतरच देता येते. सोलापूरकडील चालक दिवाळीच्या सुमारास शिकाऊ परवाना काढतो, लगेच गाळप हंगाम सुरू होतो, मुकादम सोडत नाही, आणि हंगाम आटोपून तो परिवहन कार्यालयात (आरटीओ) पोहोचतो तेव्हा बहुधा मुदत संपलेली असते. मग शुल्क पुन्हा, संगणकावरची परीक्षा पुन्हा. हा परवाना पावसाळ्याच्या सुरुवातीला काढावा, म्हणजे चाचणी हंगामाआधी होते.

चाचणीसाठी ज्या वर्गाचा परवाना हवा त्याच वर्गाचे वाहन स्वतः आणावे लागते, आणि खरी अडचण येथेच आहे. जेसीबी मालकाचे, त्याचे भाडे तासावर, त्यामुळे एक दिवस मोकळे मिळत नाही. मिळालेच तर नोंदणी पुस्तक किंवा चालू विमा नसतो, आणि कागद अपुरे म्हणून चाचणी होत नाही. चालकाचा दोष नसताना तारीख त्याचीच जाते, याचे कार्यालयाला सोयरसुतक नसते. म्हणून तारीख घेण्यापूर्वी मालकाकडून नोंदणी पुस्तक, विमा आणि पीयूसी प्रत्यक्ष पाहून घ्यावे. तीन वेळा नापास झाल्यास पुढची चाचणी 60 दिवसांनंतरच देता येते.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. याचा अर्थ संपल्यानंतर वर्षभर वाहन चालवता येते असा अनेक जण काढतात, तो चुकीचा आहे. पूर्वी असलेली 30 दिवसांची सवलतही 2019 च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो चालक कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना असतो, आणि वर्ष उलटल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते. परिवहन वाहनाचा परवाना पाच वर्षांचा असल्याने ही तारीख लवकर येते. ती परवान्यावरच छापलेली असते.