मीठ आणि सोडियम: ब्रेडचं पाकीट वाचताना होणारी गफलत

अण्णांच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, 'मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत'. अण्णा शिस्तीचे. दादरहून ब्रेड आणला की चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचणार. तिथे १०० ग्रॅममागे 'सोडियम ४८० मि.ग्रॅ.' दिसलं आणि त्यांनी हिशेब मांडला: १०० ग्रॅम ब्रेडमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा मीठ नाही, मग चार स्लाइस खाल्ले तर काय बिघडलं? कित्येक महिने हे असंच चाललं आणि आमच्या घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही. डॉक्टर मिठात बोलतात, पाकीट सोडियममध्ये बोलतं, आणि मधला गुणाकार आपल्याला कोणी शिकवलेला नसतो.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. वजनात सोडियमचा वाटा साधारण ४० टक्के. म्हणून १ ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम येतं. पाकिटावरून मिठाकडे यायचं असेल तर सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणायचं. अण्णांच्या ब्रेडमधले ४८० मिलिग्रॅम म्हणजे १.२ ग्रॅम मीठ झालं, अर्धा ग्रॅम नव्हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते आणि आपले डॉक्टर ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगतात. मर्यादा एकच आहे. आणि ती अख्ख्या दिवसाची आहे. आमटी, भाजी, लोणचं, पापड सगळं त्यात आलं.

गफलतीची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. मिठात सोडियम असतंच, पण सोडियम फक्त मिठातूनच येतं असं नाही. खाण्याच्या सोड्यात वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त सोडियम असतं. चीज स्लाइस गुळगुळीत राहावी म्हणून सोडियमचे सायट्रेट किंवा फॉस्फेट घालतात. काही सॉसमध्ये टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट असतं. त्यामुळे 'मीठ घातलेलं नाही' आणि 'कमी सोडियम' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात १२० मिलिग्रॅमपर्यंतच सोडियम असेल, तरच त्यावर 'कमी सोडियम' असं छापता येतं. नेहमीचा स्लाइस ब्रेड ४०० ते ५५०च्या घरात असतो. यावरून अंतर किती आहे ते कळेल.

पण ब्रेड खारट कुठे लागतो? मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बटाट्याच्या वेफर्सचं मीठ वर भुरभुरलेलं असतं, ते थेट जिभेला लागतं. ब्रेडमध्ये ते पिठात मुरलेलं असतं, सोबत थोडी साखरही असते. किराणा दुकानात ब्रेड आणि वेफर्सची पाकिटं शेजारी धरून १०० ग्रॅममागचे आकडे वाचून बघा. फार लांब नसतात. आपण वेफर्सना 'खारट' म्हणून बाजूला ठेवतो आणि सकाळी ब्रेड निर्धास्त खातो.

बेकरीवाला मीठ नुसतं चवीसाठी घालत नाही. मिठामुळे यीस्टचा वेग आवरला जातो आणि पिठाला ताण येतो. मीठ काढलं तर पीठ भराभर फुगतं, चिकट होतं, आणि ब्रेड फिका लागतो. इटलीच्या टस्कनी भागात बिनमिठाचा ब्रेड परंपरेने खातात, तो चमचमीत पदार्थांच्या जोडीला. आपल्याकडेही ज्वारीची भाकरी कित्येक घरांत बिनमिठाचीच थापली जाते आणि कोणाला काही कमी वाटत नाही, कारण शेजारी पिठलं असतं.

लादी पावाला पाकीट नसतं, म्हणून तो सुटतो असं नाही. आमच्या काट्यावर एक पाव ४२ ग्रॅम भरला. साध्या ब्रेडच्या हिशेबाने एकात १७० ते २३० मिलिग्रॅम सोडियम धरायला हरकत नाही. ब्राउन आणि मल्टीग्रेन ब्रेडमध्ये मीठ आपोआप कमी नसतं. तपकिरी रंगाचा सोडियमशी काहीही संबंध नाही.

आता मुंबईचं सँडविच उघडून बघू. दोन स्लाइस मिळून साधारण २७० मिलिग्रॅम. पिवळं खारं बटर दोन चमचे, सुमारे ७०. चीज स्लाइस, २५०च्या आसपास. वरून चमचाभर टोमॅटो सॉस, अंदाजे १५०. हिरव्या चटणीतलं मीठ आणि सँडविच मसाल्याची चिमूट यांचं मोजमाप हातावर अवलंबून, पण १०० सहज. म्हणजे ८००च्या वर गेलं, दिवसाच्या कोट्यातला ४० टक्के हिस्सा एका सँडविचमध्ये. आणि यात काकडी, टोमॅटो, उकडलेला बटाटा यांचा वाटा जवळजवळ शून्य. बिटात थोडं नैसर्गिक सोडियम असतं, त्याची चिंता नको. मसाल्यातलं काळं मीठ वेगळं आहे असं पुष्कळ जण मानतात. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, सैंधवही तेच.

म्हणून भाज्यांवरचं मीठ सोडलं आणि चीज तसंच ठेवलं, तर फारसं हाती लागत नाही. मी चीज आधी काढलं. त्याजागी घरी फाडलेल्या दुधाचं पनीर किंवा उकडलेलं अंडं. एका अंड्यात सोडियम ७० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. बटरऐवजी घरचं पांढरं लोणी, त्यात मीठ नसतंच. चटणीत मीठ अर्ध्यावर आणलं, लिंबू दुप्पट पिळलं, आलं वाढवलं. मसाल्याऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरी, किंचित आमचूर. आंबटपणा आणि तिखटपणा असला की जीभ मिठाची आठवण फार काढत नाही, असा आमच्या घरचा अनुभव.

ब्रेड निवडताना 'प्रति सर्व्हिंग'चा रकाना सोडून १०० ग्रॅमचाच वाचा. एका कंपनीची सर्व्हिंग एक स्लाइस असते, दुसरीची दोन, तुलनाच होत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. 'लो सोडियम मीठ' म्हणून मिळणाऱ्या पाकिटात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या सुरू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकतं. अण्णांसाठी ते आणण्याआधी आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गोळ्यांची यादी पाहिली आणि नको म्हणाले.

अण्णा आता पाकिटाच्या मागे पेन्सिलने अडीचचा गुणाकार करतात. रविवारी कोपऱ्यावरच्या सँडविचवाल्याकडे गेले की आधीच सांगतात, 'चीज नको, सॉस नको, मसाला नको, काकडी-टोमॅटो दाबून भर.' चटणी मात्र त्यांना लागतेच, आणि ती सवय मी मोडत नाही.