लॉकर पेट्रोल पीत नाही

अमेरिकेत फोर्ड एफ-१५० किंवा शेवरोले सिल्व्हराडोसारखा मोठा पिकअप घेताना मागच्या अ‍ॅक्सलला (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आसाला) कंपनीचं लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे लॉकर, घ्यावं का, हा प्रश्न हमखास येतो. लगेच दुसरा: अ‍ॅव्हरेज पडेल का? पेट्रोलवरचं हे धूड शहर-हायवे मिळून लिटरला आठ-नऊ किलोमीटर देतं, तेव्हा धास्ती रास्तच. पण ती भलत्याच पार्टची आहे.

मागच्या दोन चाकांत सुमारे १.७ मीटर अंतर असतं. गाडीने पूर्ण गोल फेरी मारली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा १०.७ मीटर जास्त धावतं. गोल लहान असो वा मोठा, फरक तेवढाच. म्हणून इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरसंच, म्हणजे डिफरन्शियल, असतो. साधं, म्हणजे ओपन, डिफरन्शियल चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं, पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र दोघांना सारखाच वाटतं. तळ्याकाठच्या उतारावरून बोटीचा ट्रेलर वर ओढताना एक चाक शेवाळावर असेल, तर ते जेवढा टॉर्क पेलेल तेवढाच कोरड्या काँक्रीटवरच्या चाकाला मिळतो. शेवाळावरचं चाक गरागरा फिरतं, ट्रक जागचा हलत नाही.

लॉकर दोन्ही चाकं एकमेकांना जखडतो. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत 'जी-८०' या कोडचा ईटन कंपनीचा लॉकर येतो. त्याला ना बटण, ना वायर. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला १०० फेऱ्यांच्या आसपास फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, एका खिट्टीत अडकतात आणि क्लचच्या चकत्या आवळल्या जातात. गाडीने साधारण ३० किमीचा वेग ओलांडल्यावर तो नव्याने लॉक होत नाही. फोर्डमध्ये हेच काम ड्रायव्हरने नॉब वापरल्यावर विद्युतचुंबक करतो.

लॉक नसताना दोन्ही प्रकार ओपनसारखेच वागतात. वजन किंचित वाढतं, इंधनात मोजण्याजोगा फरक नाही.

मग अ‍ॅव्हरेज कुठे जातं? बऱ्याचदा लॉकरसोबत जास्त रेशोचे क्राऊन-पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमधले मुख्य गिअर, गळ्यात पडतात (रेशो म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या): ३.३१ ऐवजी ३.५५ किंवा ३.७३. फोर्डच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सचा टॉप गिअर ०.६९ चा. ८१ सेंटिमीटर व्यासाचे टायर धरले, तर ताशी १०० किमीला ३.३१ रेशोवर इंजिन सुमारे १,४९० आरपीएमला फिरतं, ३.७३ वर १,६८० ला. फेऱ्या जवळपास १३ टक्के जास्त, पण पेट्रोल १३ टक्के जास्त जळत नाही. हवा कापायला लागणारी शक्ती तेवढीच राहते. वाढतं ते इंजिनातलं घर्षण, आणि थ्रॉटल अर्धवट मिटलेला असताना हवा ओढण्याची झटापट. जड ट्रेलर रोज ओढणाऱ्याने हा भुर्दंड खुशाल सोसावा. दहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअरच इतका ताकदवान असतो, की रिकाम्या फिरणाऱ्या ट्रकला ३.७३ घेणं मला तरी उधळपट्टी वाटते.

आपल्याकडे महिंद्रा थारमध्येही मागे आपोआप लागणारा यांत्रिक लॉकर मिळतो, तोही याच कुळातला.

जुना एफ-१५० घेताना अ‍ॅक्सलवरची पत्र्याची पट्टी फडक्याने पुसून वाचावी. '३एल७३' असेल तर रेशो ३.७३ आणि लॉकर बसवलेला; फार जुन्या गाडीत मात्र 'एल' म्हणजे लिमिटेड-स्लिप, चाकं पूर्ण न जखडणारा प्रकार, असू शकतो. दशांश चिन्हाच्या जागी 'एल' नसेल, तर विकणारा काहीही म्हणो, कंपनीचा लॉकर नाही.