एफ-१ शर्यतीच्या इंधनाला मंजुरी कशी मिळते: पात्रता, नमुने, कागदपत्रं

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कुठलंही इंधन वापरायचं तर आधी एफआयएची (मोटार शर्यतींची जागतिक नियामक संस्था) लेखी मंजुरी लागते. पेट्रोल दर्जेदार असून भागत नाही. मंजूर झालेलं इंधन आणि टाकीतलं इंधन एकच असावं लागतं, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. खालचे आकडे २०२२ ते २०२५ च्या तांत्रिक नियमावलीतले आहेत. २०२६ चे बदल शेवटी.

पात्रता

२०२५ पर्यंत इंधनात १० टक्के इथेनॉल लागायचं, तेही शाश्वत स्रोतातलं. अन्नपिकापासूनचं चालत नाही, त्यामुळे आपल्याकडे उसाच्या रसापासून काढतात तसलं इथेनॉल इथे बाद. गंधक किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आत, बेंझिन १ टक्क्याच्या आत. ऑक्टेनची, म्हणजे इंधनाने वेळेआधी आपोआप पेट न घेण्याच्या क्षमतेची, अट (ती मोजायच्या आरओएन आणि एमओएन या दोन आकड्यांची सरासरी किमान ८७) कुणालाही जमेल अशी होती. खरी चुरस वेगळीच. इंजिनाला तासाला १०० किलोपेक्षा जास्त वेगाने इंधन देता येत नव्हतं. म्हणून किलोमागे जास्त ऊर्जा देणारं मिश्रण ज्याचं, त्याची गाडी पुढे.

अर्जासोबत काय द्यायचं

५-५ लिटरचे दोन वेगळे नमुने, योग्य डब्यांत. शाश्वत घटक कशापासून बनले याचे पुरावे. एफआयए नमुन्याचं गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखावर दाखवणारी पद्धत) विश्लेषण करते आणि तो आलेख त्या इंधनाची ओळख म्हणून जपून ठेवते.

शर्यतीच्या ठिकाणी

तपासणीसाठी गाडीतून १ लिटर इंधन काढून देता आलं पाहिजे. २०२१ च्या हंगेरी शर्यतीत चालक सेबास्टियन फेटेलच्या गाडीतून जेमतेम ०.३ लिटर निघालं. टाकीत इंधन शिल्लक असल्याचं गणित संघाने मांडलं, पण उपयोग झाला नाही. दुसरा क्रमांक गेला. २०२२ मध्ये सिंगापूरच्या पात्रता फेरीत चालक मॅक्स वेर्स्टापेनला शेवटचा लॅप अर्धवट सोडायला लावला तोही या एका लिटरसाठीच.

मग या नमुन्याचा आलेख मंजूर आलेखाशी ताडून बघतात. एखादं शिखर (आलेखातला उंचवटा, जो इंधनातला घटक दाखवतो) शेजारच्यांच्या तुलनेत १२ टक्क्यांहून जास्त वाढलं, किंवा मूळ आलेखात नसलेलं शिखर एकूण क्षेत्रफळाच्या ०.१० टक्क्यापेक्षा मोठं दिसलं, की इंधन नापास. हलके घटक उडून गेल्याने पडलेला फरक माफ. त्याच संघाच्या दुसऱ्या मंजूर इंधनाची भेसळ १० टक्क्यांपर्यंत चालते, कारण जुन्या इंधनाचे अवशेष टाकीत, नळ्यांत राहतातच. नीट न धुतलेल्या ड्रममधलं परकं रसायन मात्र चालत नाही. १९९५ च्या ब्राझील शर्यतीत शूमाकर आणि कुल्टहार्ड यांचं इंधन नोंदवलेल्या नमुन्याशी जुळलं नाही म्हणून दोघेही बाद झाले. अपिलात चालकांचे गुण परत मिळाले, संघांचे नाही, वर दंड.

२०२६ पासून

१ मार्च २०२२ ला गोठवलेली, म्हणजे पुढे बदलायला मनाई असलेली, इंधनाची मिश्रणं आता कालबाह्य झाली. इंधन पूर्ण शाश्वत हवं: कचरा, अन्नाव्यतिरिक्तचा जैवभार किंवा पकडलेला कार्बन यांपासूनचं. कच्च्या मालापासून रिफायनरीपर्यंतची साखळी तपासून घ्यावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र झेमो पार्टनरशिप या ब्रिटिश संस्थेच्या योजनेतून मिळतं. कागदपत्रांचा खरा ढीग इथे साचतो. शिवाय प्रवाहाची मर्यादा आता किलोऐवजी ऊर्जेत आहे, तासाला ३००० मेगाज्यूल. त्यामुळे इंधनात किलोमागे किती ऊर्जा आहे, तेही आधी मोजून नोंदवावं लागतं.