व्हॉइसओव्हर सराव-गट

जाहिरात, डबिंग, ऑडिओबुक, माहितीपट अशा कामांना आवाज देणाऱ्या कलाकारांनी आपापसांत चालवलेला छोटा गट. घरच्या स्टुडिओत कलाकार स्वतःच वाचतो, स्वतःच एडिट करतो आणि स्वतःच्या सवयींना त्याचा कान सरावतो. त्या सवयी पकडायला तिऱ्हाईत कान लागतो. एकमेकांना काम सुचवणे हाही गटाचा हेतू असतो, पण नुसत्या कामाच्या आशेने जमलेले गट सहसा टिकत नाहीत.

पाच ते आठ जण आणि दीड तास हे सोयीचे प्रमाण. प्रत्येकाला ऐनवेळी 30 सेकंदांची अनोळखी संहिता मिळते. मिनिटभर नजर फिरवायची, पहिला टेक (सलग एकदा केलेले वाचन) द्यायचा, एकच सूचना घ्यायची आणि लगेच दुसरा टेक. ऐकणाऱ्याने ओळ स्वतः म्हणून दाखवू नये, कारण मग वाचणारा त्याची नक्कल करतो. ‘कोणाशी बोलतो आहेस ते कळले नाही’ ही सूचना उपयोगी. ‘छान, पण थोडे कमी पडले’ ही निरुपयोगी. बैठक ऑनलाइन असेल तर सर्वांनी हेडफोन लावावेत आणि झूमसारख्या ॲपमध्ये ‘ओरिजिनल साऊंड’ सुरू करावा. नाहीतर ॲपचे गोंगाट-नियंत्रण हळू आवाजातले शब्द आणि वाक्यांची शेपटे खाऊन टाकते, आणि दोष वाचणाऱ्याच्या माथी येतो.

तांत्रिक सल्ला हवा असेल तर प्रक्रिया न केलेली वेव्ह (न आकसवलेल्या ध्वनीची) फाइल द्यावी: आधी 10 सेकंद शांतता, मग नेहमीच्या आवाजातले वाचन, शेवटी एक चढ्या आवाजातले वाक्य. एमपी3 किंवा कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारे साधन) लावलेल्या फाइलवरून निदान चुकते. सोबत माइकचे अंतर आणि खोलीचा फोटो असावा. शांततेतली सलग घूं बहुधा विजेची असते (50 किंवा 60 हर्ट्झ). लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यावर ती थांबली, तर संशय चार्जरवर किंवा अर्थिंगवर. डबा वाजल्यासारखा आवाज येत असेल, तर अनेकदा माइकसमोरचे टेबल किंवा सपाट संहिता-स्टँड ध्वनी परतवत असतो. स्टँड तिरपा करून त्यावर जाड कापड टाकावे. भिंतीवरचा पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचे ध्वनी शोषतो. त्यामुळे खोली ‘मेलेली’ वाटते, पण खालची घुमघुम तशीच राहते. तिथे जाड गाद्या किंवा कपड्यांनी भरलेले कपाट अधिक कामाचे.

प, फ, ब, भ फुटत असतील तर पॉप फिल्टर (श्वासाचा झोत अडवणारी माइकपुढची जाळी) बदलण्याआधी माइक तोंडाच्या सरळ रेषेतून थोडा बाजूला घ्यावा आणि 15 ते 20 सेंटिमीटर अंतर ठेवावे. फार जवळ गेल्यास कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) माइकमध्ये खर्ज फुगतो. तो भारदस्तपणा नवख्यांना आवडतो, पण मान हलली की आवाजाचा पोत बदलतो आणि नंतरची दुरुस्ती मूळ टेकला जुळत नाही. रेकॉर्डिंगची शिखरे, म्हणजे सर्वांत मोठे आवाज, उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहिली की पुरे (शून्य ही कमाल मर्यादा). सफाईबाबतही गटात नेहमी वाद होतो. गोंगाट कमी करणारे प्लगइन जोरात लावले की शब्दांच्या कडा पाण्यात बुडाल्यासारख्या लागतात. त्यापेक्षा पंखा बंद करणे बरे.

क्लायंटची अप्रकाशित संहिता गटात वाचू नये, गोपनीयतेचा करार मोडतो. गेमच्या ऑडिशनमध्ये प्रकल्पाला दिलेले सांकेतिक नावसुद्धा बाहेर सांगण्याजोगे नसते. सरावाला जुनी, प्रसारित झालेली किंवा स्वतः लिहिलेली संहिता घ्यावी.

दराविषयी बोलताना नुसता आकडा सांगून भागत नाही: माध्यम, प्रदेश, वापराची मुदत आणि फेरदुरुस्त्या किती, हे कळल्याशिवाय तुलना होत नाही. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ हे कलम आणि आवाजावरून कृत्रिम आवाज घडवण्याची परवानगी सहीआधी एकमेकांना दाखवून घेण्याची पद्धत चांगली. मात्र सर्वांनी मिळून किमान दर ठरवणे काही देशांत स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते.

दुसऱ्याचे नाव सुचवताना त्याला आधी विचारावे आणि क्लायंटला त्याचा ताजा, त्याच प्रकारच्या कामाचा नमुना द्यावा. घसा बसल्यावर अर्धवट काम मात्र असे सोपवता येत नाही; तिथे क्लायंटला सांगून मुदत वाढवून घ्यावी लागते.