सहावीच्या रेषेखाली: सोलापूरच्या प्राथमिक शाळा आणि ‘डिजिटल’ हा शब्द

सोलापूर जिल्ह्यात वाड्या-वस्त्यांवरच्या बहुतेक जिल्हा परिषद शाळा चौथी-पाचवीला संपतात. शाळांमधल्या संगणकासाठी आजवर ज्या सरकारी योजना आल्या, त्या बहुतेक सहावीच्या पुढे सुरू होतात. या विषयाचा निम्मा इतिहास या एवढ्यातच आला.

1984 ची केंद्राची पहिली संगणक साक्षरता योजना माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांपुरती होती. सर्व शिक्षा अभियानात संगणकाच्या मदतीने शिकवण्यासाठी जिल्ह्याला वर्षाला 50 लाख रुपयांपर्यंत तरतूद करता यायची, तीही उच्च प्राथमिक वर्गांसाठी. डिसेंबर 2004 मध्ये आलेली माहिती तंत्रज्ञानाची योजना पुन्हा माध्यमिकसाठीच. 2018 पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत माहिती तंत्रज्ञानाच्या घटकाची व्याप्ती सहावी ते बारावी अशी ठरली आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कोडिंगचा उल्लेख माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावीपासून केला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवे याची यादी आहे. वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय असे सगळे तिच्यात आहे. संगणक नाही, आणि वीजजोडणीही नाही.

म्हणजे पहिली ते पाचवीच्या मुलासाठी यंत्र देण्याची जबाबदारी कागदावर कुणाचीच नव्हती. तरीही आज जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात गेलात तरी ‘डिजिटल शाळा’ अशी रंगवलेली पाटी दिसते. ती पाटी तिथवर कशी आली, ते पाहायला हवे.

संगणक प्राथमिक शाळेत पहिल्यांदा आला तो मुलांसाठी आलाच नाही, गुरुजी-बाईंसाठी आला. सरकारी कर्मचाऱ्यांना एमएस-सीआयटी ही संगणक ज्ञानाची परीक्षा सक्तीची झाली आणि शिक्षकांसाठी 31 डिसेंबर 2007 ही अखेरची मुदत ठरली. मुदतीत उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढी रोखण्याचे आणि वसुलीचे प्रकरण पुढे कितीतरी वर्षे चिघळत राहिले. निवृत्तीला आलेले शिक्षक तालुक्याच्या गावी संध्याकाळच्या बॅचला बसून माउस धरायला शिकले. 2015 मध्ये शाळांची माहिती ऑनलाइन भरण्याची ‘सरल’ प्रणाली आली. विद्यार्थ्यांची माहिती, आधार, संचमान्यता (म्हणजे शिक्षकांची मंजूर पदे), पगारबिले, पोषण आहाराची रोजची नोंद हे सगळे हळूहळू ऑनलाइन झाले, आणि जिथे शाळेत यंत्र किंवा नेटवर्क नव्हते तिथे शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलवर. प्राथमिक शिक्षकाला संगणक आला तो माहिती भरता भरता, हे मान्य केल्याशिवाय पुढचा गोंधळ उलगडत नाही.

मुलांच्या वाट्याला जे आले ते लोकवर्गणीतून. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले. त्याचा मूळ भर यंत्रांवर नव्हता. प्रत्येक मुलाला वाचता, लिहिता, आकडेमोड करता येते का, हा प्रश्न होता. पण पाठोपाठ शाळा डिजिटल करण्याची लाट उसळली आणि ती गावागावांनी उचलून धरली. ग्रामसभेत वर्गणी जाहीर झाली. पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे पाठवले. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ प्रोजेक्टर दिला, काही ठिकाणी शिक्षकांनीच पदरमोड केली. दुष्काळाच्या त्या वर्षांत सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याच्या गावांनी शाळेसाठी पैसे उभे केले, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदरच आहे.

खरा गुंता आहे तो ‘डिजिटल’ या शब्दात.

डिजिटल शाळा म्हणजे काय, याचे उत्तर त्या काळात गावागणिक वेगळे मिळायचे. एका ठिकाणी सगळ्या वर्गांत प्रोजेक्टर. दुसरीकडे एका खोलीत टीव्ही, त्याला लावलेला पेन ड्राइव्ह, त्यात कवितांच्या चालींचे व्हिडिओ. तिसरीकडे मुख्याध्यापकांच्या खोलीत कापडाने झाकलेला एकच संगणक. अहवालात तिन्ही शाळा एकाच रकान्यात जायच्या: डिजिटल, होय. जिल्ह्या-जिल्ह्यांत ‘शंभर टक्के डिजिटल’ होण्याची चढाओढ लागली, तेव्हा त्या ‘होय’चे वजन आणखी वाढले.

या एका शब्दात तीन वेगळी कामे कोंबली गेली होती. पहिले, पडद्यावर दाखवून शिकवणे. यात यंत्र शिक्षकाच्या हातात असते आणि मूल प्रेक्षक असते. दुसरे, मुलाने स्वतः यंत्र हाताळणे: सुरू करणे, बंद करणे, स्वतःचे नाव मराठीत टंकणे, चित्र काढून साठवणे, साठवलेले परत शोधणे. तिसरे, यंत्रावर दिसते त्यातले खरे कोणते, आपली माहिती कुणाला द्यायची नाही, सूचना क्रमाने दिल्या नाहीत तर काय होते, हे समजणे. तिसऱ्या कामाला तर कित्येकदा यंत्रही लागत नाही. अंगणात चौकटी आखून ‘दोन पावले पुढे, उजवीकडे वळ’ असे एका मुलाने सांगायचे आणि दुसऱ्याने तसेच चालायचे, एवढ्यावरही सूचनांचा क्रम कळतो.

लोकवर्गणीतून आलेल्या साहित्याने पहिले काम केले, आणि अनेक ठिकाणी चांगले केले. समुद्र न पाहिलेल्या मुलाला लाटा दिसल्या. पण दुसरे आणि तिसरे काम झाले असे त्यावरून गृहीत धरले गेले, आणि तिथेच चुकले. पडद्यावर कविता ऐकलेले मूल डिजिटल साक्षर होत नाही, जसे बसमध्ये बसलेले मूल चालक होत नाही. चौथी पास होईपर्यंत कळफलकाला एकदाही बोट न लागलेली मुले डिजिटल शाळेतून बाहेर पडली आहेत. प्राथमिक अभ्यासक्रमात संगणक हा गणित किंवा परिसर अभ्यासासारखा स्वतंत्र विषय कधी झालाच नाही, त्यामुळे हे कोणत्याच मूल्यमापनात पकडले गेले नाही. शेजारच्या खासगी इंग्रजी शाळेत मात्र पहिलीपासून संगणकाची तासिका असते, आणि पालक नेमकी तीच गोष्ट बोट दाखवून विचारतात.

वीज हा दुसरा अडथळा. थकलेल्या बिलापायी शाळांची जोडणी तुटल्याच्या बातम्या राज्यभरातून येत राहिल्या. भेट म्हणून यंत्र मिळते. त्याचे बिल, दुरुस्ती, नवी बॅटरी भेट म्हणून कुणी देत नाही. दोन शिक्षकी शाळेत एक जण प्रशिक्षणाला गेला की उरलेल्याने चार वर्ग सांभाळायचे की अडलेला प्रोजेक्टर उघडायचा?

याच काळात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून वेगळी वाट निघाली. तिथल्या शिक्षकाने पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले; फोनने तो टिपला की धड्याचे साहित्य फोनवर उघडते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, आणि सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या केंद्राच्या ऑनलाइन शिक्षण मंचाने तीच पद्धत देशभर नेली. डिसेंबर 2020 मध्ये त्या शिक्षकाला दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला आणि त्याने निम्मी रक्कम इतर नऊ स्पर्धकांत वाटली. याचे कौतुक पुष्कळ झाले. त्या कल्पनेतला बदल मात्र कमी बोलला गेला: यंत्र शाळेच्या भिंतीवरून उतरून पालकाच्या खिशात गेले. खिशात स्मार्टफोन असेल तर.

तो ‘असेल तर’ 2020 मध्ये उघडा पडला. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते डिसेंबर 2021 मध्ये. सोलापूर शहरात कापड कारखान्यांत राबणाऱ्या घरांत फोन असला तरी एकच, आणि तो दिवसभर कामावर. नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले आणि मुले गल्लीत उभी राहून शिकली. भाषेचाही प्रश्न होताच. या जिल्ह्यात अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आणि शिक्षकांनी स्वतः तयार केलेले, मोबाइलच्या गटांवर फिरणारे बहुतेक साहित्य मराठीत होते.

शाळा उघडल्यावर लक्ष पायाभूत वाचन आणि गणिताकडे वळले, ते रास्तच होते. 2015-16 च्या सुमारास बसवलेले प्रोजेक्टर तोवर जुने झाले होते. कित्येकांचे दिवे गेले होते, आणि नवा दिवा घ्यायचा तर पुन्हा वर्गणीच.

आता यू-डायस प्लसच्या, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या वार्षिक सरकारी नोंदीच्या माहितीत शाळेला डेस्कटॉप किती, लॅपटॉप किती, चालू किती, इंटरनेट आहे का, हे भरावे लागते. पूर्वीच्या ‘होय-नाही’पेक्षा ते नक्कीच बरे आहे. तरीही आठवड्यातून किती मुलांचे हात त्यातल्या एकाला लागतात, यासाठी अजून रकाना नाही. चाळीस मुले आणि एक लॅपटॉप असलेल्या शाळेत रोज मधल्या सुट्टीनंतर चार जणांनी पाळीपाळीने आपापले नाव टंकायचे ठरवले, तर दहा दिवसांत सगळ्यांची एक फेरी होते. त्यासाठी सहावीची वाट पाहावी लागत नाही.