ॲबहॉर
ॲबहॉर हे इंग्रजीतलं क्रियापद, अर्थ एखाद्या गोष्टीचा मनापासून तिटकारा असणं, नुसती नावड नव्हे तर शिसारी यावी इतका. गोव्यात चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीपासून इंग्रजीत गेलेली मुलं हा शब्द 'हेट'च्या जागी टाकायचा भारी शब्द म्हणून पाठ करतात आणि तिथेच गडबड होते. सोलकढी आवडत नसेल तर 'डोन्ट लाइक' पुरे, तिथे ॲबहॉर शोभत नाही. क्रूरता, जातिभेद, बालमजुरी, खोटी साक्ष, अशा जिथे आपली नीतीच दुखावते त्या गोष्टींसाठी हा शब्द राखून ठेवावा असं मला ठामपणे वाटतं, नाहीतर खरंच भयंकर काही सांगायची वेळ आली की हाताशी शब्दच उरत नाही.

मूळ लॅटिन. 'ॲब' म्हणजे दूर आणि 'होर्रेरे' म्हणजे केस उभे राहणं, शहारणं, हॉरर पण त्यातूनच आलाय, म्हणजे अंगावर काटा येऊन मागे सरणं असा हा भाव, आणि इंग्रजीत तो 15व्या शतकापासून आहे. गोव्यासाठी गंमतीची गोष्ट अशी की याच लॅटिन शब्दातून पोर्तुगीजमध्ये 'आबुर्रेसेर' झाला, पण तिथे तो मवाळ होत गेला आणि आज बहुतेक करून वैताग देणं, कंटाळा आणणं एवढाच अर्थ राहिलाय, त्यामुळे 1961 च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या कुणा आजोबांनी तो ओळखीचा समजून ॲबहॉरचा अर्थ लावला तर तो फारच सौम्य निघेल.

'निसर्गाला पोकळीचा तिटकारा' या जुन्या वचनातही इंग्रजीत हेच क्रियापद येतं. 1643 च्या सुमारास टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगात पाऱ्याने भरून उलटी धरलेल्या नळीतला पारा साधारण 76 सेंटीमीटरवर थांबला आणि वर पोकळी राहिली, तेव्हा ते वचन डळमळलं, वाक्प्रचार मात्र टिकला.

वापरताना आपल्याला अडतं ते वाक्यरचनेत. मराठीत 'मला हिंसेचा तिटकारा येतो', इंग्रजीत मात्र 'आय ॲबहॉर व्हायलन्स', मध्ये 'ऑफ' नाही की 'फ्रॉम' नाही, आणि 'आय ॲम ॲबहॉरिंग' तर सहसा म्हणतच नाहीत. उच्चारात ब आणि ह वेगळे, भ नाही. विशेषण ॲबहॉरंट, त्याच्यापुढे 'टू' लागतो.