राखेखालचा निखारा आणि पाण्याची बादली

पुण्यात पारा दहाच्या खाली गेला की पाषाण जास्त गार की खडकवासल्याजवळचा एनडीएचा परिसर, हा वाद सुरू होतो आणि त्याच्या मागोमाग व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरू लागतो : निजायच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवा, शेजारी बादलीभर पाणी ठेवा, विषारी वायू पाणी ओढून घेतं. हा सल्ला जीव घेऊ शकतो. हा विषारी वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अगदी शुद्ध वायू घेतला तरी लिटरभर पाण्यात जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. लिंबू-मिरची टांगा नाहीतर बादली ठेवा, गुण सारखाच.

‘पण निखाऱ्याला धूर कुठे असतो?’ खरी चूक इथेच होते.

लाकूड दोन टप्प्यांत जळतं. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपासून त्यातून ज्वलनशील वायू झपाट्याने बाहेर पडतात. ज्वाळा त्यांची असते. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता या टप्प्यातच निघून जाते. मागे उरतो तो कोळसा. तो फक्त पृष्ठभागावर जळतो, म्हणून ऑक्सिजन जितका पोचेल तितकाच त्याचा वेग. एकटा निखारा विझतो, कारण तो चहूबाजूंनी उष्णता फेकत असतो, आणि हे फेकणं निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. ढिगातले निखारे एकमेकांना तापवत राहतात. वर राखेचा थर आला की दोन कामं होतात. राखेतल्या सूक्ष्म पोकळ्यांतली हवा उष्णता अडवते आणि त्याच पोकळ्यांतून ऑक्सिजन थेंबाथेंबाने झिरपतो. शिवाय लाकडाच्या राखेतले पोटॅशियमचे क्षार कोळशाच्या ज्वलनाला उत्प्रेरक ठरतात, त्यामुळे तो कमी तापमानालाही धुमसत राहतो. चुलीतला विस्तव रात्री राखेत पुरून सकाळी फुंकणीने फुलवता येतो तो या तिन्हींच्या जोरावर.

आता मेख. ढिगाच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशातून वर चढताना आणखी कार्बन उचलतो आणि मोनॉक्साइड होतो. उघड्या शेगडीवर नाचणाऱ्या निळ्या ज्वाळा त्याच्याच. राख टाकली की निळी ज्वाळा जाते, वायू मात्र न जळता खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट चिकटतो. विस्तव जितका सावकाश, तितकं मोनॉक्साइडचं प्रमाण जास्त. म्हणून रात्रभराची धग धुराड्याशिवाय मिळवायचीच नाही.

मुळशी-पानशेतकडच्या फार्महाउसांत हल्ली काचेच्या दाराच्या, धुराडं असलेल्या लोखंडी शेगड्या दिसतात. तिथे मुख्य घोळ ओलाव्याचा. पावसाळ्यात भिजलेलं लाकूड दिवाळीनंतर वरून खडखडीत वाटतं. ताजं फोडून आतल्या बाजूला ओलावा मोजायचा मीटर लावा, २० टक्क्यांच्या आत हवं. बाभळीसारखं जड लाकूड, १२-१५ सेंटिमीटर जाडीचे फाटे. झोपण्याच्या तासभर आधी निखारे हवेच्या झडपेकडे पुढे ओढा, मागे फाटे एकमेकांना चिकटवून रचा आणि झडप १५-२० मिनिटं पूर्ण उघडी ठेवा. फाट्यांच्या कडा काळ्या पडल्या आणि ज्वाळा स्थिर झाल्या की टप्प्याटप्प्याने हवा कमी करा, पूर्ण बंद कधीच नाही. घाई केली तर वायू न जळताच थंड धुराड्यात डांबर होऊन चिकटतात, आणि पुढे तेच डांबर पेट घेतं. काच रात्रीत काळीकुट्ट झाली तर हवा फार लवकर कापली असं समजा. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

सकाळी दोन-तीन सेंटिमीटर राख तळाशी राहू द्या, निखारे पुढे ओढून बारीक काटक्या टाका आणि हवा उघडा. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर, फरशीवर ठेवायची. प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत नाही : राखेत दोन दिवसांनीही जिवंत निखारा असू शकतो.